सिस्टरची गळकी गाडी

सिस्टरना कुणी मेकॅनिकचा नंबर दिला की त्यांचं डोकं फिरायचं.

आमच्या मुलुंड पूर्वेच्या बिल्डिंगमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी अधूनमधून कुणीतरी शहाणा पुढे व्हायचाच. "सिस्टर, चेकनाक्याच्या अलीकडे एक जण फक्त रेडिएटरचीच कामं करतो. सकाळी टाका, संध्याकाळी गाडी हातात." सिस्टर चष्मा नाकावर खाली ओढून त्याच्याकडे वरून खालपर्यंत बघायच्या आणि विचारायच्या, "तुला पाणी भरायला लावते का मी? नाही ना? मग?" त्या 'मग'च्या पुढे काही नसायचं. समोरचा मुकाट्याने जिना चढायला लागायचा.

त्यांचं नाव वत्सला भालेराव. जन्मभर सरकारी हॉस्पिटलात नर्स होत्या, म्हणून अख्खी बिल्डिंग त्यांना सिस्टर म्हणायची. वॉचमन म्हणायचा, भाजीवाला म्हणायचा, आणि त्यांचा नवराही त्यांना सिस्टरच म्हणायचा. त्याला वेगळं कारण होतं, ते सांगते पुढे. त्या पहिल्या मजल्यावर, आम्ही त्यांच्या डोक्यावर दुसऱ्या मजल्यावर. आम्ही म्हणजे मी आणि माझी आई. माझी नोकरी दुपारची, त्यामुळे सकाळी मी चहाचा कप घेऊन मागच्या खिडकीत बसते, आणि खिडकीच्या बरोबर खाली, कंपाउंडच्या भिंतीला लागून, बदामाच्या झाडाखाली सिस्टरची गाडी उभी असायची. मी जे सांगतेय ते त्या खिडकीतून दिसलेलं आहे. उगाच फुगवून सांगायची मला सवय नाही.

गाडी फिकट निळी, गोल दिव्यांची, हल्ली लग्नाच्या फोटोंसाठी भाड्याने देतात तसली. ती बनवणारा कारखाना कधीच बंद पडला. इंजिन थंड ठेवायला पुढच्या जाळीमागे रेडिएटरमध्ये जे पाणी असतं, ते ह्या गाडीत टिकायचंच नाही. रात्रभर थेंब थेंब गळायचं आणि सकाळी फरशीवर परातीएवढी ओल दिसायची. त्यामुळे निघायच्या आधी पाणी भरायचं, वाटेत थांबून भरायचं, पोचल्यावर भरायचं. आमचे सेक्रेटरी त्या ओलीवरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलले एकदा. म्हणाले, शेवाळ होतंय, कुणीतरी घसरून पडेल, गाडी एकतर दुरुस्त करा नाहीतर भंगारात द्या. सिस्टर खुर्चीवरून उठल्यासुद्धा नाहीत. "गच्चीवरची टाकी किती वर्षं गळतेय? तिला भंगारात दिली का तुम्ही? गळतंय ना पाणी, कुणाचं रक्त तर गळत नाहीये. पुढचा विषय घ्या." आणि पुढचा विषय घेतला गेला.

अशी बाई होती ती. बोलणं सरळ, तुकडा पाडल्यासारखं. माहेर वाशीमकडचं. कोवळ्या वयात नर्सिंग शिकायला मुंबईत आल्या त्या इथल्याच झाल्या, पण राग आला की मूळची बोली वर यायची. "काहून रडतेस?" असं त्यांनी विचारलं की रडणारं माणूस थांबायचं. घड्याळ मनगटावर कधी नाही, साडीला खांद्यापाशी उलटं टाचलेलं. रिटायर झाल्यावरही. हात धुवायच्या तर कोपरापर्यंत, आणि नळ कोपरानेच बंद करायच्या. बिल्डिंगमध्ये कुणाला इंजेक्शन असलं, पट्टी बदलायची असली की सिस्टर. दारात येऊन चप्पल काढता काढता हुकूम सुटायचे, "पंखा बंद कर, पाणी गरम ठेव, आणि जो जास्त काळजी करतोय त्याला बाहेर काढ."

माझे बाबा गेले त्या दिवशी जास्त काळजी करणारी मी होते. बाबांचा श्वास लागला होता आणि मी त्यांचा हात सोडून भिंतीला टेकून रडत होते. सिस्टरनी मला दंडाला धरून परत कॉटपाशी आणलं. "रडायचं नंतर. आधी धरून ठेव. मी इकडून धरते, तू तिकडून." आम्ही दोघींनी धरून ठेवलं. बाबा गेल्यावर त्यांनी स्वतः त्यांचं अंग पुसलं, केस विंचरले, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता रड. आता कितीही रड." मला बाई म्हणून कुणाचा आधार वाटला असेल तर त्यांचा. आई त्या दिवसापासून त्यांना देवासारखं मानायची. हे मुद्दाम सांगतेय, कारण आईने पुढे जे केलं ते त्या मानण्यातूनच केलं.

आता भालेराव काका. ते ट्रॉम्बेकडच्या एका सरकारी ऑफिसात ड्रायव्हर होते. साहेबांना आणायचं, सोडायचं. कपडे पांढरेशुभ्र, बूट पॉलिश केलेले, आणि उजव्या हातावर बोटांपासून मनगटाच्या वरपर्यंत भाजल्याची जुनी चकचकीत खूण. तरुणपणी ऑफिसची गाडी घाटात तापली, साहेबांना घाई होती, आणि काकांनी गरम रेडिएटरचं झाकण उघडलं. उकळतं पाणी आणि वाफ हातावर. तो हात घेऊन ते हॉस्पिटलात आले, आणि तिथे ड्रेसिंगला ज्या होत्या त्या ह्याच. रोज पट्टी बदलायला यायचे. सिस्टर सांगायच्या, "हात बरा झाला तरी हा माणूस येतच राहिला. मी विचारलं, आता काय दुखतंय? तर म्हणतो, सिस्टर, दुखत काही नाही, पण सवय लागली." तेव्हापासून ते त्यांना सिस्टरच म्हणत, आणि त्या त्यांना भालेराव. लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी शिकून पुण्याला गेली, तरी हेच चालू.

रिटायर झाल्यावर काकांनी ही निळी गाडी कुणाकडून तरी घेतली. घेतली तेव्हाही गळतच होती. काकांना त्याचं काही नव्हतं. ते आईला आमच्या दारात उभं राहून समजावून सांगत, "वैनी, गळक्या रेडिएटरवर हळदीसारखं औषध नाही. थंड गाडीत चमचाभर टाकायची, गाडी चालवायची. पाणी गरम होऊन फिरलं की हळद बरोबर जिथे भोक आहे तिथे जाऊन बसते. ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती आहे ही." आईला त्याचं फार कौतुक. हळद माणसाच्या जखमेला चालते आणि गाडीच्याही, म्हणजे बघ, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. काकांच्या हळदीने गळती महिना-दोन महिने थांबायची, मग परत सुरू. परत चमचा. त्या काळात गाडी कधी अडली म्हणून आठवत नाही.

काका विसरायला लागले ते कसं सुरू झालं हे कुणालाच नीट सांगता येणार नाही. आधी नावं गेली, मग वार. मग एकदा गाडी घेऊन भाजी आणायला गेले आणि पायी परत आले. पिशवीत भाजी होती, किल्ली खिशात होती. गाडी कुठे विचारलं तर म्हणाले, साहेब मीटिंगमध्ये आहेत. सिस्टर रिक्षाने भांडुपपर्यंत सगळे रस्ते बघत गेल्या तेव्हा ती एका शाळेच्या फाटकासमोर सापडली, दारं उघडी. त्या दिवशी सिस्टरनी किल्ली काढून घेतली. काकांनी दिली, वाद घातला नाही. पण नंतर कितीतरी दिवस ते खिशावर हात ठेवून चाचपत राहायचे.

गाडी विकली जाणार असंच सगळ्यांना वाटलं. सिस्टरनी मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. त्या वयात. शिकवणारा पोरगेला होता, तो त्यांना घाबरायचा. लायसन मिळालं त्या दिवशी त्या पहिल्यांदा निळ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या आणि काका शेजारी. बसल्या बसल्या काकांनी विचारलं, "पाणी घातलं का?"

सिस्टर स्टार्टर मारणार होत्या, त्या थांबल्या. म्हणाल्या, "नाही घातलं. तुम्ही घाला."

काका उतरले. बॉनेट उघडलं, दांडी लावली, झाकणावर फडकं ठेवून हळूच फिरवलं, आत वाकून बघितलं, बाटल्यांनी पाणी भरलं, झाकण घट्ट केलं, बॉनेट दोन्ही हातांनी दाबून बंद केलं. ज्याला आज कोणता वार ते सांगता येत नव्हतं, सदऱ्याची बटणं खालीवर लागत होती, त्याचा हात एकाही ठिकाणी चुकला नाही. मी वरून बघत होते. सिस्टर काचेतून बघत होत्या.

त्यानंतर तो रोजचा नेम झाला. सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून दोन मोठ्या बाटल्या भरून खाली यायचे, पाणी भरायचे, आणि सिस्टर त्यांना गाडीतून एक चक्कर मारून आणायच्या. रविवारी देवनारला, सिस्टरच्या बहिणीकडे. एकदा मला चेंबूरला काम होतं म्हणून मी मागे बसले. हायवेवर घाटकोपरच्या पुढे काटा वर चढला आणि सिस्टरनी गाडी कडेला घेतली. काका लगेच उतरून बॉनेटकडे हात नेऊ लागले. सिस्टरनी त्यांचा तो भाजलेला हात आपल्या हातात धरला. "ताप उतरू दे, भालेराव." काका थांबले. दोघं बॉनेटसमोर हात धरून उभे, शेजारून ट्रक धडाधड जातायत, एक जण ओरडून गेला, "काका, लग्नात आलात का?" सिस्टरनी मान वळवली नाही. मला उशीर होत होता, मी घड्याळ बघत होते, तर म्हणाल्या, "घाई असेल तर रिक्षा कर गं. इथे पेशंट तापलाय." बऱ्याच वेळाने बॉनेटवर हाताची पाठ टेकवून बघितली आणि मग हात सोडला. "घाला आता." काकांनी पाणी घातलं आणि मागचं दार उघडून मला म्हणाले, "बसा मॅडम, गाडी तयार आहे." काका मला लहानपणापासून ओळखत होते, पण आता मी कुणीतरी मॅडम होते. सगळ्याच बायका मॅडम होत्या. एक सिस्टर सोडून.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा कळत नव्हती. आई सिस्टरना म्हणाली, अहो हळद टाका ना, काका टाकायचे तशी. तर सिस्टर एकदम, "हळद नाही घालायची हां, वैनी. अजिबात नाही." आईला वाटलं, नर्सबाई आहेत, असल्या घरगुती उपायांवर विश्वास नसेल. मला वाटलं हट्ट. माणूस म्हातारा झाला की हट्टी होतो. काय मूर्ख असतो आपण.

मग सिस्टर काकांना घेऊन चार दिवस पुण्याला मुलीकडे गेल्या. गाडी खाली उभी. आई रोज खिडकीतून ती ओल बघायची आणि हळहळायची. सिस्टरचे गुडघे तेव्हा फार दुखत होते, जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरायच्या. आईचं म्हणणं, ह्या बाईने आपल्या माणसाचं शेवटचं सगळं केलं, आपण तिच्यासाठी एवढंही करू नये? मी ऑफिसला गेल्यावर ती हळदीचा डबा आणि तेलाचं नरसाळं घेऊन खाली गेली. बॉनेट कसं उघडायचं हे ती काकांना रोज बघून बघून शिकली होती. काका चमचाभर म्हणाले होते. आईने प्रेमाने मूठभर टाकली.

सिस्टर परत आल्या, रोजचा नेम सुरू झाला, गाडीने चार चकरा मारल्या, आणि गळती थांबली. फरशी कोरडी. आई मनातल्या मनात खूश. सांगायचं नाही, त्यांचं त्यांना कळू दे म्हणाली.

काका सकाळी आले. बॉनेट उघडलं, झाकण काढलं, वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग इकडेतिकडे पाहिलं आणि वॉचमनला विचारलं, "कुणी घातलं?"

दुसऱ्या दिवशीही भरलेलं. तिसऱ्या दिवशीही. ते बाटल्या घेऊन यायचे आणि तशाच भरलेल्या बाटल्या घेऊन वर जायचे. एक दिवस त्यांनी तरीही पाणी ओतलं. ते वरून वाहिलं, त्यांच्या पॉलिश केलेल्या बुटांवर पडलं. ते बुटांकडे बघत राहिले. सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "असू दे, भालेराव," आणि ते म्हणाले, "दुसरा ड्रायव्हर ठेवला का साहेबांनी?" त्यांचा आवाज मी पहिल्यांदा तसा ऐकला. भांडणाचा नव्हता. काढून टाकलेल्या माणसाचा होता.

मग ते खाली येईनासे झाले. सिस्टर म्हणाल्या, जेवत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असतात. बिल्डिंगला वाटलं, आजारच तो, वाढणारच.

त्यानंतर एका सकाळी सिस्टर एकट्या खाली आल्या. बॉनेट उघडलं. झाकण काढून आत बोट बुडवलं, बोट नाकाशी नेलं. मग मान वर करून सरळ आमच्या खिडकीकडे बघितलं. आई माझ्याशेजारी उभी होती, तिने हसून हात हलवला. सिस्टरना सगळं कळलं होतं, हे मला इथून दिसत होतं. त्यांचा चेहरा एक क्षण अगदी उतरला. मग त्यांनीही हात हलवला आणि म्हणाल्या, "वैनी, तुमच्या हळदीने झालं हो काम." आई इतकी आनंदली की डोळे पुसायला लागली.

आईला शेवटपर्यंत त्यांनी काही सांगितलं नाही. मला वाटतं सिस्टर कोण होत्या हे ज्याला समजायचं असेल त्याला एवढं पुरे.

दुसऱ्या दिवसापासून मला खिडकीतून वेगळंच दिसायला लागलं. काका उठायच्या आधी सिस्टर बादली घेऊन खाली यायच्या, गाडीच्या पुढे फरशीवर फतकल घालून बसायच्या. दुखऱ्या गुडघ्यांनी तसं बसायलाच त्यांना पाच मिनिटं लागायची, उठताना बंपरला धरायच्या. जाळीखाली हात घालून काहीतरी फिरवायच्या. बादलीत पिवळं पाणी पडायचं. ते बदामाच्या बुंध्याशी ओतून, फरशीवर थोडं शिंपडून, त्या वर जायच्या. आणि थोड्या वेळाने त्यांनी उठवून पाठवलेले काका, इस्त्रीचा शर्ट, दोन बाटल्या. पहिल्या दिवशी त्यांनी वाकून बघितलं आणि वॉचमनला हाक मारून सांगितलं, "बघ, किती कमी झालंय. रोज बघावं लागतं." त्या दिवशी ते जेवले असं सिस्टरनी नंतर सांगितलं.

मी खाली गेले. मला राहवलं नाही. सिस्टर फरशीवर बसल्या होत्या, हात पिवळे. मी म्हटलं, "सिस्टर, हे काय चाललंय?"

"दिसत नाही? लघवीची पिशवी रिकामी करतेय पेशंटची."

"आईने चूक केली ना?"

"तुझ्या आईने माया केली. तिला काही बोललीस तर बघ." मग बादलीकडे बघत म्हणाल्या, "परत भोक पाडायचा विचार केला मी. पण मोठं पडलं तर? गाडीच बंद पडायची. हे बरं आहे. खालचा कॉक ढिला करायचा, दोन बाटल्यांपुरतं काढायचं."

"रोज?"

"रोज. रविवारी देवनारला बहिणीचा चहा होईस्तोवर गाडी थंड होते, तिथे पण काढते." त्यांनी साडीच्या पदराला हात पुसले नाहीत, हवेत धरून ठेवले, ऑपरेशनला धरतात तसे. "माणसाला काम लागतं गं. वॉर्डात बघितलंय मी आयुष्यभर. ज्याच्या हातात करायला काही उरत नाही तो भिंतीकडे तोंड करतो, आणि मग उठत नाही. ह्यांच्याकडे सगळं गेलं. माझं नाव तर त्यांनी कधी घेतलंच नव्हतं, ते जायचा प्रश्न नाही. हे एवढंच उरलंय. हे पण गेलं तर मला धरायला काय राहील?"

त्या रडल्या नाहीत. मी रडले. त्या म्हणाल्या, "काहून रडतेस? उठव मला, गुडघा अडकला."

असं बरेच महिने चाललं. पाणी काढून काढून, भरून भरून हळदीचा रंग गेला, बादलीत साधं गढूळ पाणी यायला लागलं. आई अजूनही लोकांना सांगायची की एका मुठीत रेडिएटर बरा झाला. सिस्टर मान हलवायच्या.

मग एक दिवस त्यांनीच मला खालून हाक मारली. "चहा ठेव तो. खाली ये." मी गेले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम. मला शेजारी बसायला लावलं, माझा हात धरून जाळीखाली नेला. कॉक लागला हाताला, गार आणि चिकट. "अर्धा फिरव. बघ, आलं. आता बंद. घट्ट नको करू, आटे जातील. जास्त काढायचं नाही. बाटल्या संपूनही भरलं नाही तर ते घाबरतात. आणि ते यायच्या आत निघून जायचं. त्यांनी बघायला नको."

"पण तुम्ही कुठे चाललात?"

"छातीत दुखतंय जरा. दाखवून येते. दोन दिवस ठेवतील." मी काहीतरी बोलणार, तोवर त्यांनी मला दटावलं, "नर्स आहे मी. मला काय होतंय ते मला माहितीये." मला वाटलं, माहितीये म्हणजे फार काही नाही. आता वाटतं, माहीत होतं म्हणूनच मला कॉक शिकवला.

पुण्याहून मुलगी आली, तिने हॉस्पिटलची सोय केली. निघताना सिस्टरनी गाडी घेतली नाही. मुलगी म्हणाली, आई, मी चालवते, रिक्षात धक्के बसतील. त्या म्हणाल्या, गाडी गेली तर ते दिवसभर खाली उभे राहतील. काका टीव्हीसमोर बसले होते. सिस्टरनी त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, पट्टी सुटली नाही ना ते बघावं तसा भाजलेल्या हातावरून एकदा हात फिरवला, आणि मागच्या फाटकाने, त्यांना दिसू नये अशा बाजूने, रिक्षात बसल्या. मी पिशवी आत ठेवली. साडीला घड्याळ टाचलेलं होतं. रिक्षा सुरू झाली तशा बाहेर वाकून म्हणाल्या, "दोन बाटल्याच. जास्त नको." एवढंच. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

मुलगी हॉस्पिटलात होती, काकांचं जेवणखाण आई बघत होती. दुसऱ्या दिवशी मी पाणी काढलं. त्याच्या पुढच्या दिवशी पहाटेच मुलीचा फोन आला. सिस्टर गेल्या होत्या.

बिल्डिंग जागी झाली. जिन्यात माणसं, दारात चपला. देवनारची बहीण रडत आली. कुणीतरी पांढरी साडी आणायला गेलं, कुणी मेणबत्त्या, बौद्धाचार्यांना फोन झाला, सिस्टरना हॉस्पिटलातून आणायला अजून वेळ होता. आई हुंदके देत होती. मी पण आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते आणि मला थांबता येत नव्हतं. आणि खालच्या घरातून नळाचा आवाज आला. बाटल्या भरल्याचा. तेवढ्या गर्दीत काकांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांना काही सांगितलं होतं की नाही, सांगितलं असलं तर राहिलं होतं की नाही, कोण जाणे.

रडायचं नंतर, त्या म्हणायच्या. आधी धरून ठेव.

मी बादली उचलली आणि मागच्या जिन्याने धावत खाली गेले. फरशीवर बसले, हात घातला, अर्धा फिरवला. पाणी इतकं सावकाश पडतं हे मला आधी कधी जाणवलं नव्हतं. दोन बाटल्यांपुरतं झालं, बंद केलं, घट्ट नाही केलं. बादली झाडाशी ओतून मी भिंतीआड होते न होते तोच काका आले. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण उघडं. बॉनेट उघडलं, दांडी लावली, फडकं ठेवून झाकण फिरवलं, वाकले. पाणी घातलं. एक बाटली, मग दुसरी. बरोब्बर भरलं.

बॉनेट दोन्ही हातांनी दाबून बंद केलं आणि वळले, तर मी दिसले. रिकामी बादली माझ्या हातात होती. त्यांनी बादलीकडे पाहिलं नाही. वर आमच्या जिन्यातून रडण्याचा आवाज येत होता, तिकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. शर्टाला हात पुसून ते ताठ उभे राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "सिस्टरना सांगा, पाणी घातलंय. गाडी तयार आहे."

मी म्हटलं, "सांगते."

ते दार उघडून त्यांच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारच्या, जाऊन बसले.